वेळापत्रकावर अडलेली परिषद

जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ६५ देश सदस्य आहेत. वर्षातले चोवीस आठवडे ती भरते, आधी दहा आणि मग सात-सात. १९९६ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर मात्र तिथे एकाही कराराचा मसुदा तयार झालेला नाही. वाटाघाटी होऊन फिसकटल्या असत्या तर निदान वाद कशावर झाला ते कळलं असतं. बहुतेक वर्षी त्या सुरूच झाल्या नाहीत, कारण वर्षभरात काय काम करायचं यावरच एकमत झालं नाही.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये राहून आयुष्यभर हाच विषय शिकवला आणि या परिषदेची इतिवृत्तं वाचत आले. इतक्या दूरच्या सभागृहाशी आपला काय संबंध, असं विद्यार्थी विचारत. आमच्या जिल्ह्यातल्या किरनापूर भागात डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. शस्त्रं कोणाच्या हाती असावीत आणि ती खाली कशी ठेवली जावीत, हे प्रश्न आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

परिषदेच्या नियमावलीतले दोन नियम ध्यानात घ्यावे लागतात. अठरावा नियम सांगतो की प्रत्येक निर्णय एकमताने होईल. अठ्ठाविसावा सांगतो की वर्षाच्या सुरुवातीला परिषद आपल्या कामाचा कार्यक्रम ठरवेल आणि त्यात वेळापत्रक असेल. वाचायला हे कारकुनी काम वाटतं. पण आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात तलावाच्या पाण्याची पाळी लागते, तेव्हा कोणाच्या बांधीत धान तगणार हेही त्याच वेळी ठरतं, म्हणून गावाचं भांडण पाळीवरच होतं. जिनिव्हातही कोणत्या विषयावर वाटाघाटी होणार आणि कोणत्यावर नुसती चर्चा, हे कार्यक्रमातच ठरतं.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा एकेका विषयासाठी वेगळी समिती नेमली जाई आणि तिला काय करायचा अधिकार आहे ते वेगळं ठरे. रासायनिक शस्त्रांचा गट १९८० मध्ये बसला, पूर्ण वाटाघाटींचा अधिकार त्याला १९८४ मध्ये मिळाला आणि मसुदा १९९२ मध्ये पुरा झाला. चाचणीबंदीच्या समितीला ऑगस्ट १९९३ मध्ये अधिकार मिळाला, जानेवारी १९९४ मध्ये ती कामाला लागली.

एकमत कसं बांधावं याचा उत्तम नमुना मला १९९५ चा वाटतो. अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विखंडनक्षम पदार्थांचं उत्पादन थांबवायचं, एवढं बहुतेकांना मान्य होतं. पण आधीच साठवलेल्या पदार्थांचं काय? पाकिस्तानला साठे करारात हवे होते, भारताला आणि अण्वस्त्रधारी देशांना नको होते. कॅनडाचे राजदूत जेराल्ड शॅनन यांनी हा वाद सोडवायचा हट्ट धरला नाही. समितीत कोणताही देश हा मुद्दा मांडू शकेल, असं त्यांनी आपल्या अहवालात नोंदवलं. भांडण दाराबाहेर न ठेवता आत घेतलं, म्हणून दार उघडलं. त्या आधारावर प्रत्यक्ष समिती बसायला ऑगस्ट १९९८ उजाडला, भारताच्या पोखरण आणि पाकिस्तानच्या चागई इथल्या अणुस्फोटांनंतर. काही आठवडे काम झालं आणि पुढच्या वर्षी तिची पुन्हा नेमणूक झाली नाही.

तेव्हापासून चार विषय एकमेकांना बांधले गेले: अण्वस्त्रांचं उच्चाटन, विखंडनक्षम पदार्थ, अंतराळातली शस्त्रस्पर्धा आणि अण्वस्त्रं नसलेल्या देशांना ती त्यांच्यावर न वापरण्याची हमी. एकाचा विषय पुढे सरकला की दुसरा आपला विषय त्याच तोलाने मागतो. अध्यक्षपद दर चार आठवड्यांनी इंग्रजी वर्णानुक्रमाने बदलतं, त्यामुळे एका अध्यक्षाने जुळवत आणलेलं दुसऱ्याला नव्याने जुळवावं लागतं.

२९ मे २००९ ला अल्जीरियाचे इद्रिस जझाइरी यांच्या अध्यक्षतेखाली अखेर कार्यक्रम मंजूर झाला. चार विषयांना चार गट मिळाले, त्यातला वाटाघाटींचा अधिकार फक्त विखंडनक्षम पदार्थांच्या गटाला. सगळ्यांनी होकार दिला होता. उरलं होतं गटांचे अध्यक्ष नेमणं आणि बैठकांचं वेळापत्रक लावणं. पाकिस्तानने तिथे हरकत घेतली आणि गटांची एकही बैठक न होता ते वर्ष संपलं. हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो.

पण दोष एकट्या पाकिस्तानवर टाकणं मला मान्य नाही. २० जून १९९६ ला आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी याच सभागृहात भारत चाचणीबंदी करारावर सही करणार नाही असं सांगितलं, आणि पुढे भारताने त्या मसुद्यावर एकमत होऊ दिलं नाही. मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेला गेला आणि १० सप्टेंबरला १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. घोष यांची भूमिका मला योग्य वाटते, कारण नकार वाटाघाटींच्या शेवटी आला, मसुदा पाहून. ज्या देशाची सुरक्षितता पणाला लागते त्याला तो हक्क हवाच. मसुदा लिहिण्याआधीच, वेळापत्रकावर वापरलेला नकार मात्र वेगळा. तो समोरच्याचं म्हणणं ऐकण्याची संधीच काढून घेतो.

२०१८ आणि २०२२ मध्ये उपगट नेमले गेले, चर्चा झाल्या, वाटाघाटींचा अधिकार कोणाला मिळाला नाही. नेदरलँड्सने २०१९ मध्ये सुचवलं की कार्यक्रम पुन्हा साधा ठेवावा आणि समित्यांचे अधिकार वेगळे ठरवावेत. माझं मत त्याच बाजूचं आहे. एकमताचा नियम राहू द्या. वेळापत्रक जानेवारीतच लावा आणि प्रत्येक विषयाचा वाद त्याच्या समितीत घाला. एकमताच्या नियमाचा आधार स्वतः घेतलेल्या भारताने हे सांगितलं तर त्याला वजन येईल.

या परिषदेची इतिवृत्तं कोणालाही वाचता येतात. नागपूर, गोंदिया, बालाघाटच्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी २० जून १९९६ च्या बैठकीपासून सुरुवात करावी आणि मग २००९ च्या उन्हाळ्यातल्या बैठका वाचाव्यात.