पाच दहाची बस

भाचीने परवा फोनवर विद्यापीठाच्या नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला. "आत्या, बघ, तुझं नाव लागलंय!"

बघितलं. एका बाजूला कुणाच्या तरी पीएचडीच्या तोंडी परीक्षेची सूचना, दुसऱ्या बाजूला वसतिगृहाची मेस फी भरायची शेवटची तारीख, आणि मध्ये माझं नाव. धालोगीतांवर बोलायला बोलावलंय. वेळ दुपारी साडेतीन. ते साडेतीन वाचलं आणि पोटात गोळाच आला.

का, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. घरच्यांना यातली अर्धीच गोष्ट माहीत आहे.

गोवा विद्यापीठ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : पणजीजवळ ताळगावचं पठार, जांभ्या दगडाचा उघडा माळ, खाली लांबवर जुवारी. पावसाळ्यात वारा असा की छत्री उघडणं म्हणजे ती देऊन टाकणं. विद्यापीठ 1985चं, त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. लहान राज्याचं लहान विद्यापीठ, त्यामुळे बाहेरून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तुमच्याच टेबलावर पाव-भाजी खाताना सापडतो. हे सुख मोठ्या विद्यापीठात शिकलेल्यांना कळायचं नाही.

पण लहान राज्य म्हणजे आणखी एक भानगड. बहुतेक मुलं घरून येऊन-जाऊन करणारी. पेडणे, काणकोण, सांगे, आमची सत्तरी. मी तर तीन बस बदलायचे. गावाहून वाळपई, वाळपईहून पणजी, पणजीहून पठार. संध्याकाळी फाटकापाशी पाच दहाची बस मिळाली तरच पणजीला वाळपईची शेवटची गाठता यायची. कॅम्पसवरच्या प्रत्येक व्याख्यानाचा खरा अध्यक्ष कोण म्हणाल, तर ही पाच दहाची बस. :)

मी एमएला होते तेव्हा (2006 असावं) लोकगीतांवर कार्यक्रम करायचं ठरलं आणि मी मोठ्या तोंडाने सांगितलं, "आमच्या गावच्या माईंना आणते." माई म्हणजे नात्यातल्या कुणी नव्हेत, वाड्यावर सगळेच त्यांना माई म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण पौषात धालो सुरू झाले की मांडावर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. आधी त्या नाहीच म्हणाल्या. धालो मांडावर घालायचे, रात्री, पौषात. कॉलेजात कसले? मी आठ दिवस मागे लागले. शेवटी त्यांनी मांडावर नारळ ठेवला, देवतेला सांगितलं, आणि मग आल्या. ठेवणीतलं लुगडं, केसात अबोली.

वेळ मी ठरवली होती. तीन वाजता. सव्वातीनला सुरू झालं तरी दीड तास मिळेल, हा माझा हिशोब. पण दीप पेटवणं आलं, स्वागत आलं, प्रास्ताविक आलं (तेही मीच केलं, आणि लांबवलं, आता कबूल करते), मग माइक रुसला. माईंच्या हातात माइक आला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मुलींना उठवून दोन ओळींत समोरासमोर उभं केलं. धालोंचं तसंच असतं. एका ओळीने म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं, कमरेत वाकत पुढे-मागे व्हायचं. पहिलं गाणं छान जमलं. मुली हसत होत्या, चुकत होत्या, माई हाताला धरून पावलं दाखवत होत्या.

दुसऱ्या गाण्यात पाच वाजले. समोरच्या ओळीतून एक मुलगी निसटली. मग दोघी. पर्स छातीशी धरून, वाकून, जणू वाकलं की कुणाला दिसत नाही. ओळ तुटली. वसतिगृहातल्या दोघी आणि मी, एवढ्याच उरलो. समोरून उत्तर येईना तेव्हा माई स्वतःच उत्तराची ओळ म्हणू लागल्या. इकडचीही आणि तिकडचीही.

आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

त्यांनी ते बघितलं. गाणं न थांबवता जवळ आल्या, मध्येच हळू म्हणाल्या, "वच गे बाय, तुजी बस चुकतली."

मी गेले. त्या रात्री त्या ताळगावला लेकीकडेच राहणार होत्या, तशी सोय होती. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला कितीदा सांगितलंय. घरी मात्र "कार्यक्रम मस्त झाला" एवढंच सांगितलं. पुढच्या पौषात मांडावर गेले तेव्हा माईंनी काही न बोलता मला आपल्या समोरच्या ओळीत उभं केलं. त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. आता त्या नाहीत.

असो.

फोटो बघून भाचीला लगेच फोन लावला. म्हटलं, अकराला ठेवा. ती म्हणाली सकाळी सभागृह दुसऱ्यांनी घेतलंय. मग म्हटलं दोनला ठेवा, दिवा लावायचा तर लावा, पण प्रास्ताविक नको आणि माझी ओळखही नको. मी बोलणार पंधरा मिनिटं. उरलेला वेळ गावच्या तिघीजणींचा, त्यातली एक माईंची सून. भाची म्हणाली, "विचारून बघते गं, पण दोन म्हणजे जेवणाची वेळ ना!" जेवून या म्हणावं.

आणखी एक विचारलं तिला. वाळपईकडच्या मुली किती? म्हणाली सहा. माझ्या गाडीत मागे तीन, पुढे एक. दोघींचं काहीतरी बघायला हवं. भावाला विचारते, त्या दिवशी त्याची गाडी मोकळी आहे का.