हनोईतील पहिले दिवस

व्हिएतनामला एकटीच जाणार असे सांगितले तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो खाण्याचा, सुरक्षिततेचा त्यानंतर. सूनबाईंनी जैन भोजनासह नेणाऱ्या सहलींची माहितीपत्रके पुढे ठेवली. ती सोय उत्तम असते, हे मी नाकारीत नाही. परंतु साठी उलटेपर्यंत माझा प्रत्येक प्रवास कुणाच्या तरी मागोमाग झाला होता. एकदा आपल्या पायांनी आणि आपल्या हिशेबाने हिंडावे, एवढीच इच्छा होती. दशम्या, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू बांधून घेतले आणि नोव्हेंबरातील एका सकाळी हनोईला उतरले. रात्रिभोजनत्यागाचा माझा नियम तीस वर्षांचा. तो तेथेही सोडायचा नाही, हे ठरलेलेच होते.

जुन्या वस्तीतील गल्ल्यांना तेथे मिळणाऱ्या मालाची नावे आहेत. आपल्या पुण्यात तांबट आळी असावी, तशी. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, आणि दागिन्यांची दुकाने तेथे आजही आहेत. हांग मा या गल्लीत पूर्वजांसाठी जाळावयाच्या कागदी वस्तू विकतात. हे सारे पाहावयाचे म्हणजे रस्ता ओलांडणे आले, आणि हनोईत रस्ता ओलांडणे ही एक साधनाच आहे. दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही. पहिल्या सकाळी मी एकाच कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते. अखेर खांद्यावर कावडीसारख्या दोन टोपल्या घेतलेली एक वृद्धा शांतपणे त्या लोंढ्यात शिरली. ती धावली नाही, थबकली नाही, मागेही सरली नाही. एकाच गतीने चालत राहिली आणि गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी वळून गेल्या. मी तिच्या सावलीसारखी पलीकडे पोहोचले. दुपारपर्यंत मीही एकटीने तसेच चालू लागले.

दुसऱ्या दिवशी वान मियू पाहिले. 1070 साली उभारलेले हे विद्यामंदिर. तेथे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेले 82 शिलालेख दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. कासव दिसताच मुनिसुव्रतनाथांचे लांछन आठवले. शिक्षिका म्हणून आयुष्य घालविलेल्या मला, परीक्षेच्या निकालाचा असा गौरव पाहून थोडे हसूही आले.

खरी अडचण ताटाची होती. न्युओक माम नावाचा माशांचा रस तेथे आपल्या फोडणीइतका सर्वत्र असतो. दिसायला केवळ भाजी असली तरी तो तिच्यात नाही, याची खात्री देता येत नाही. शिवाय तेथील घड्याळ आपल्याहून दीड तास पुढे असले तरी थंडीच्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. दोन्ही संध्याकाळी पाचच्या आत खोलीवर परतून दशमी आणि पपनसाच्या फोडी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उघडून मोजले : चार दशम्या, थोडे खाकरे, आणि प्रवासाचे अकरा दिवस शिल्लक. मुलाला फोन केला असता तर त्याने त्याच रात्रीचे परतीचे तिकीट काढले असते. म्हणून फोन केला नाही.

लॉजवरील मुलीने प्रथम माझे वय विचारले. आपल्याकडे हे जरा उद्धटपणाचे वाटेल. परंतु त्यांच्या भाषेत केवळ ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही. समोरचा माणूस ताई की आत्या की आजी, हे वयावरून ठरवावे लागते. मी तिच्या आईवडिलांहून मोठी, तेव्हा ‘बाक’ ठरले. मग आपल्या बाकचे गाऱ्हाणे तिने नीट ऐकून घेतले आणि कागदावर तीन शब्द लिहून दिले : ‘तोय आन चाय’. मी शाकाहारी आहे, असा अर्थ. चाय म्हणजे तेथे शाकाहार, हे कळल्यावर आम्ही दोघीही हसलो. उद्या ‘रम’ आहे, असेही ती म्हणाली. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तेथील अनेक बौद्ध कुटुंबे मांसमासळी वर्ज्य करतात. आपल्याकडे ती कार्तिकी पौर्णिमा होती. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला तिथीचा हा धाक अगदी ओळखीचा वाटला.

तिने सांगितलेली खाणावळ एका पॅगोडामागच्या बोळात होती. तेथील कर्मठ शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. आपल्या सर्व नियमांशी ते ताट जुळत होते असे नाही : अळिंबी सढळ होती, गाजरही होते. बोट दाखवून मी ते नको म्हटले. मालकीणबाईंनी मुळीच वाईट वाटून न घेता पांढरा भात, तळलेला टोफू आणि एका वाटीत कोरडे कूट ठेवले. तीळ, शेंगदाणे, मीठ. पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. आजी आजारपणात भातावर असेच कूट घालीत असे.

दुपारी साडेचारला पुन्हा गेले तेव्हा चूल थंड होती. मी खिडकीतून कलणाऱ्या सूर्याकडे बोट दाखविले, मग ताटाकडे, आणि हाताने नकाराची खूण केली. बाई क्षणभर पाहत राहिल्या. मग हसून आत गेल्या आणि मला वाढले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी बोळात वळले, तेव्हा भाताचे पातेले आधीच चढलेले होते.