धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत 'धाव' म्हणतात. लोहार ती तापवून चढवतो. पाणी पडताच ती आकसते आणि चाकाला आवळून धरते. रबरी टायरला आपण असा शब्द दिला नाही. त्याच्याकडे लक्ष न देण्याची आमची सवय कदाचित तिथूनच आली असावी.

ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट 2011 साली सुरू झाले. 5.125 किलोमीटरचा मार्ग, 16 वळणे. त्यावर स्वतःची गाडी एकदा तरी पळवावी, असे आम्हां तिघा मित्रांच्या मनात होते. निघण्यापूर्वी नागपुरात चाके जुळवून घेतली. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. तेव्हा बाहेरच्या टायरचा पूर्ण पृष्ठभाग जमिनीला टेकावा, म्हणून चाकांचे माथे आधीच आत झुकवतात. हा कॅम्बर, आमचा उणे 2 अंश. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून टो शेवटी पाहायचा. पुढच्या चाकांची तोंडे किंचित बाहेर वळवली की स्टिअरिंगला गाडी चटकन प्रतिसाद देते. सरळ रस्त्यावर मात्र हीच चाके फरफटत जातात आणि टायरची आतली कड खातात.

मिस्त्री म्हणाला होता, "सर, हे वळणासाठी आहे. येतानी पयले सरळ करून घ्या."

सर्किटवर गाडी अप्रतिम वळली. तापल्यावर टायरमधला दाब चढतो, म्हणून तिथे हवा 33 ऐवजी 28 पीएसआयवर ठेवली होती. फेऱ्या संपल्यावर मोजली तर 34. आम्ही धन्य झालो आणि तसेच परत निघालो. टो सरळ केला नाही, थंड टायरमध्ये हवाही भरली नाही. थकलो होतो, असे म्हणता येईल. खरे तर आम्हांला ती चपळाई घरापर्यंत हवी होती.

हजाराच्या वर किलोमीटर झाले. शिवनी मागे पडल्यावर, पेंचच्या जंगलातून जाताना स्टिअरिंग थरथरू लागले. खवासाला चहासाठी थांबलो आणि एकाने सहज टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. तारा बोटांना लागल्या. दुसऱ्या बाजूचा टायर थोडाच बरा होता.

मागच्या सीटवर मित्राचा सहा वर्षांचा मुलगा झोपला होता. स्टेपनी काढायला त्याला उचलले, तेव्हा त्याने झोपेतच विचारले, "नागपूर आलं का?"

कोणी उत्तर दिले नाही. उरलेला रस्ता आम्ही ताशी 40 ने कापला.