पॉइंटची गाडी

खडकीत यंत्रांची सवय हवेतच आहे. ॲम्युनिशन फॅक्टरी इथे 1869 पासून आहे, लष्कराची बेस वर्कशॉप आहे, आणि हॅरिस पूल ओलांडला की दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. गल्लीगल्लीत एखादा निवृत्त फिटर नाहीतर टर्नर निघतोच. त्यामुळे बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी उघडून बघायची, हा इथला रिवाज. आमची प्रीमियर पद्मिनी त्या रिवाजावरच टिकली. बाबांनी घेतली, आता मी चालवतो.

पावसाळा लागला की मुळा नदीकडून ओल चढते आणि बॉनेटखाली जाऊन बसते. सकाळी चोक ओढून सेल मारावा, तर गाडी नुसती घरघरते, पकडत नाही. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची, आतून कोरड्या फडक्याने पुसायची, रोटर उचलायचा आणि खालचे पॉइंट बघायचे. धातूची दोन इवली तोंडं. एकावर बारीक उंचवटा, समोरच्यावर तेवढाच खड्डा. एकीकडचा धातू उडून दुसरीकडे जाऊन बसलेला. पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामधून फिरवायची, मग फिलर गेजची पात सरकवायची. गॅप अर्ध्या मिलिमीटरला किंचित कमी. पात सरकताना बोटाला जेमतेम ओढ जाणवली पाहिजे. बाबांचा हात इथे कधी घाई करत नसे. स्क्रू आवळताना गॅप हलतो, म्हणून आवळून झाल्यावर ते पुन्हा एकदा पात घालून बघत.

या दोन तोंडांच्या उघडमिटीवर सगळी गाडी चालते. ती मिटलेली असताना कॉइलमधून बॅटरीचा करंट वाहतो आणि चुंबकत्व साठतं. कॅमचा उंचवटा फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो; त्या तुटण्यासरशी कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात आणि प्लगवर ठिणगी पडते. तुटण्यातून उजेड निघावा, याचं मला आजही नवल वाटतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून हे सेकंदाला शंभर वेळा घडतं, 1-3-4-2 या क्रमाने. एवढं घासल्यावर टाच झिजणारच. गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी चढावर दम टाकते.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरीवरचं इग्निशन बसवलं, आणि पुढे कितीतरी दशकं जगातल्या बहुतेक मोटारी पॉइंटवर धावल्या. पद्मिनीचं मूळ ज्या फियाटचं, तिने 1968 मध्येच आपल्या डिनो मोटारीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं होतं. आमच्या गाडीपर्यंत ते यंदा पोचलं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं ते बाजाराजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी. नवी वस्तू हातात न घेता त्यांनी आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघितला. म्हणाले, "खालची वजनं नि स्प्रिंगा आधी मोकळ्या करू. ती अडकलेली असली, तर किट कितीही भारी बसवा, गाडी ओढायची नाही." वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते, ते काम ही वजनंच करतात आणि किट बसल्यावरही करत राहतात. मग पॉइंट आणि कंडेन्सर निघाले. कॅमवर चुंबकाची कडी बसली, शेजारी काडेपेटीपेक्षा लहान मॉड्यूल. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. शेवटी टायमिंग लाइट लावून खूण जुळवली. निघताना बजावलं, "इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून बसायचं नाही. कॉइल तापते, मॉड्यूल जातं."

आता ओल्या सकाळीही गाडी लवकर पकडते आणि आयडलिंगला थरथरत नाही. कॅपमधली ओल मात्र अजून पुसावीच लागते. काही जाणकारांना हा बदल खटकतो. अस्सलपण गेलं म्हणतात. त्यांची माया मला कळते. पण 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी कायमची गेली. आता ही गाडी दिसायची, तर ती आपल्यासारख्यांच्या दारातून निघेल तेव्हाच. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या अस्सल गाडीपेक्षा औंध रोडच्या रहदारीतून निर्धास्त जाणारी गाडी मला जास्त अस्सल वाटते. शिवाय बॉडीला भोक नाही, इंजिनला धक्का नाही. मनात आलं, तर तासाभरात पॉइंट परत बसतात.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: किट जरूर बसवा, पण काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फडक्यात गुंडाळून, फिलर गेजसह डिकीत ठेवा. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात. मॉड्यूल बहुधा न सांगता जातं. आणि गॅप लावायला घरातल्या पोरांना शिकवा. सामान मिळेल, हात मिळायचा नाही.