पेटीच्या दाराशी

नव्या मधपाळाचा हात सारखा पेटीच्या झाकणाकडे जातो. राणी आहे ना, अंडी दिसतात ना, मध कितपत भरला? सातेरी माशीला ही ढवळाढवळ खपत नाही. फारच झाली, तर एखाद्या दिवशी सगळी वसाहत पोळी टाकून चालती होते. म्हणून मी नोंदींची वही सुरू केली. हातात पेन असलं की झाकण शाबूत राहतं, एवढाच तिचा पहिला उपयोग.

दाराशी बसूनही पुष्कळ कळतं. जांभळीला मोहोर असतो त्या दिवसांत, ऊन तापलं की चारसहा माश्या दारात पाय रोवून पंख फडफडवत उभ्या राहतात, तोंडं बाहेरच्या बाजूला. युरोपातली मेलिफेरा दाराकडे तोंड करून आतली गरम हवा बाहेर काढते. आमची सातेरी बाहेरची हवा आत ढकलते. वाचलं होतं मी हे, तरी नोंद करण्याआधी चांगली वाकून वाकून खात्री करून घेतली. मागच्या पायांवर परागाचे गोळे येताहेत, म्हणजे आत पिल्लांचं खाणंपिणं सुरू आहे. पराग बंद आणि दारात मेणाचा भुगा दिसला, तर मेणकिड्याचा संशय घ्यायचा. तेव्हा मात्र वही बाजूला ठेवायची आणि झाकण उघडायचं.

आषाढ-श्रावणाची पानं कंटाळवाणी. महाबळेश्वरच्या या पट्ट्यात पाऊस माशीला बाहेर पडूच देत नाही. साखरेचा पाक ठेवला, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या साफ केल्या. बस.

खरी पंचाईत कारवीची. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण अख्खा डोंगर एकदम. तेवढी जुनी वही माझ्याकडे कुठली असायला? २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर इथून जवळच आहे. तिथल्या जुन्या मधपाळांना असले हिशेब तोंडपाठ असतात. आमच्या वाडीत मात्र आज्यांना विचारावं लागतं. मागची कारवी कधी फुलली? एक म्हणाली, ‘‘धाकटीचं लगीन झालं त्या साली.’’ दुसरी म्हणाली, ‘‘छ्या! त्या साली कुठली? ती बाळंतपणाला आली तवा.’’ दोन्ही नोंदी लिहून घेतल्यात. धाकटीला फोन लावायचा राहिलाय.