दुसरी चावी

जुनी गाडी विकत घेणे हा आमच्यासारख्या व्यापारी घरांत अप्रूपाचा विषय नाही. नव्या गाडीची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. ती घट दुसऱ्याने सोसलेली गाडी घ्यावी, असे माझे वडील म्हणत. त्याच शिकवणीने गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही २०१७ सालची एक वॅगनआर घेतली. विकणारे गृहस्थ कल्याणचे, निवृत्त शिक्षक. गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची पावती त्यांनी तारीखवार फाईलला लावून ठेवली होती. अशा माणसाची गाडी पाहताना इंजिन ऐकण्याची फारशी गरज उरत नाही.

किंमत ठरली. मालकी बदलाच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या झाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या हातात एक चावी ठेवली.

“आणि दुसरी, सर?” मी विचारले.

ते ओशाळले. “शेठ, घरातच कुठेतरी आहे, पण सध्या सापडत नाही. मिळताच टिटवाळ्याला आणून देईन.”

मी व्यापारी माणूस. म्हणालो, “तुमच्यावर विश्वास आहे, पण पाच हजार रुपये माझ्याकडे राहू द्या. चावी आली की पूर्ण रक्कम देतो. नाहीच सापडली, तर नवी करून घेईन आणि खर्च वजा जाता उरलेले परत करीन.” त्यांनी मान डोलावली. कागद केला नाही. दोघांनाही त्याची आवश्यकता वाटली नाही.

एका चावीसाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणास वाटेल. परंतु आजच्या मोटारीची चावी म्हणजे केवळ खाचा पाडलेले पाते नव्हे. तिच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. कुलुपाभोवतीचे वेटोळे त्या चिपमधील संकेत वाचते. गाडीच्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंजिन सुरू होते. हातात एक चावी असेल तर दुसरी करणे सोपे असते. एकुलती एक हरवली, तर गाडी ओढून न्यावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. शिवाय गाडी चोरीला गेली, तर विमा कंपन्या भरपाईच्या वेळी सहसा दोन्ही चाव्या मागतात. एकच पुढे केली की दुसरी कोठे गेली, याचे उत्तर द्यावे लागते.

एक महिना गेला, दुसरा गेला. या काळात माझ्या मनात जे घडले, ते लिहिताना आज संकोच वाटतो. प्रारंभी मी चावीची वाट पाहत होतो. पुढे मी त्या माणसाविषयी शंका घेऊ लागलो. रात्री दुकान बंद करून घरी आलो की खिडकीतून गाडी जागेवर आहे का, ते पाहत असे. एवढे नीटनेटके गृहस्थ, पावती न् पावती जपणारे, आणि यांची चावीच कशी हरवते? एके दिवशी न राहवून फोन केला आणि विचारले, “सर, चावी खरोखर हरवली आहे, की कोणाच्या हाती राहिली आहे?”

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, “शेठ, चावी सापडलेली नाही. याहून अधिक माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरे वाटले असते.

पुढच्या आठवड्यात कल्याणच्या एका चावीवाल्याकडे गाडी नेली. त्याने आधी नोंदणी पुस्तक आणि माझे ओळखपत्र तपासले, मगच पेटी उघडली. नवी चावी कापली, यंत्र जोडून तिची नोंद केली, आणि जुन्या नोंदी पुसून केवळ हातातील दोन चाव्या ठेवल्या. “आता हरवलेल्या चावीने दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही,” असे त्याने सांगितले. साडेतीन हजार रुपये झाले. माझी भीती अर्ध्या तासात संपली. हे काम पहिल्याच आठवड्यात केले असते, तर एका सज्जनाला तो प्रश्न विचारण्याची वेळ आली नसती.

उरले दीड हजार रुपये. ते गल्ल्यातच राहिले. सरांनी मागितले नाहीत. मीही विषय काढला नाही. गल्ल्यात पडलेल्या नोटेवर कोणाचे नाव नसते. ‘इतका मनस्ताप झाला, त्याचेही काही मोल आहेच’, असा हिशेब मनाने परस्पर मांडून टाकला होता.

पर्युषण पर्व आले. त्या दिवसांत टिटवाळ्यात महागणपतीच्या दर्शनाची गर्दी वाढू लागते आणि आमचे दुकान मात्र प्रतिक्रमणासाठी लवकर बंद होते. अशाच एका संध्याकाळी मुलगा गादीजवळचा जुना खण आवरत होता. बंद पडलेली पेने, जुने शिक्के, गंजलेली कुलुपे बाहेर निघाली; आणि तळाशी लाल दोऱ्यात बांधलेली एक चावी. तिला वडिलांच्या अक्षरातील चिठ्ठी होती : ‘ओम्नी, दुसरी’.

ती ओम्नी आम्ही चार वर्षांपूर्वी खडवलीच्या एका भाजी व्यापाऱ्याला विकली होती. त्याने दुसरी चावी मागितली, तेव्हा मी गादीवरून न उठता म्हणालो होतो, “एकच आहे.” मी शोधली नव्हती. सरांनी निदान ‘सापडत नाही’ असे खरे सांगितले होते.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे म्हणत आलेले शब्द प्रथमच माझे नाव घेऊन पुढे आले. श्रावकाच्या दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत सहसाभ्याख्यान आहे : विचार न करता दुसऱ्यावर आळ घेणे. आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. ठेव ठेवणारा विसरला, त्याने कमी मागितले आणि सांभाळणारा ‘बरोबर, तेवढीच’ म्हणाला, तर तो दोष. मला पूर्वी नेहमी प्रश्न पडे, की दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणे हा चोरीचा भाग. तो सत्याच्या व्रताखाली कसा? त्या रात्री उलगडा झाला. येथे हात काहीच उचलत नाही. वस्तू आधीच आपल्यापाशी असते. केवळ जिभेने मौन धरायचे असते आणि ते मौनच असत्य असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा खडवलीला गेलो. चावी पाहून तो व्यापारी हसला. “शेठ, आता या चावीला कुलूप कुठे? गाडी मागच्या वर्षीच भंगारात दिली.” मग चहा पिताना त्याने सहज सांगितले, की एका पावसाळी रात्री मुरबाडकडून भाजी भरून येताना त्याची एकमेव चावी चिखलात पडली, ती सापडलीच नाही. काच फोडावी लागली, गाडी सकाळपर्यंत रस्त्यात उभी राहिली आणि कल्याणच्या बाजार समितीतील पहाटेची विक्री बुडाली. पालेभाजी ती, दुपारी तिला कोण विचारतो? त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. त्याच्या लेखी ते नशीब होते. ते नशीब माझ्या खणात लाल दोऱ्याने बांधलेले होते, हे मी त्याला सांगितले आणि हात जोडले. नुकसानीची रक्कम देऊ केली. त्याने घेतली नाही. पुष्कळ आग्रहानंतर म्हणाला, “दिवाळीला मुलांसाठी मिठाई पाठवा.” ती दरवर्षी जाते.

तेथून कल्याणला गेलो. दीड हजार रुपये आणि चावीवाल्याची पावती सरांपुढे ठेवली, फोनवर बोललो त्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी पैसे मोजले, पावती नीट वाचली, आणि ती त्याच जुन्या फाईलमध्ये शेवटचा कागद म्हणून लावली. “आता हिशेब पूर्ण झाला,” एवढेच म्हणाले. चावी त्यांनाही अद्याप सापडलेली नाही आणि मीही पुन्हा विचारलेले नाही.

वाचकबंधूंनो आणि भगिनींनो, व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. जुनी गाडी घेताना ताबा पावतीवर चाव्यांची संख्या लिहून घ्यावी. दुसरी नसेल तर भाव तेथेच कमी करावा. पैसे अडकवून ठेवू नयेत, कारण अडकलेला पैसा देणाऱ्याआधी घेणाऱ्याचीच परीक्षा पाहतो. नवी चावी करताना जुन्या नोंदी पुसून घ्याव्यात. मालकी बदल एकाच राज्यातील असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा. हे सर्व घेणाऱ्यासाठी झाले. विकणाऱ्यासाठी एकच गोष्ट : ‘नाही’ म्हणण्यापूर्वी उठून खण उघडावा.

ओम्नीची ती चावी मी टाकलेली नाही. ती गल्ल्याच्या वरच्या कप्प्यात, रोज हाताला लागेल अशी ठेवली आहे. कोणी काही मागितले आणि ओठांवर घाईने ‘नाही’ आले, की बोटे आधी तिला लागतात.

कळत-नकळत ज्यांच्याविषयी शंका घेतली, ज्यांचे काही माझ्या खणात राहून गेले असेल, त्या सर्वांना मिच्छा मि दुक्कडं.