युनियनबाई, निदान एक पत्र तरी टाका

श्रीमती युनियनबाई यांस,


इकडील सर्व क्षेम. आपलंही क्षेम कळावं अशी फार इच्छा असते, पण तुमच्याकडून पत्रच येत नाही. गावचं सगळं टपाल माझ्या हातून जातं. बँकेच्या नोटिसा, कोर्टाची समन्सं, पोरांची भरतीची बोलावणी, विम्याची स्मरणपत्रं. सरकार पत्र पाठवतं, कर्ज देणारे तर न चुकता पाठवतात. आम्हा पत्रं वाटणाऱ्यांच्या संघटनेचं एखादं पाकीट माझ्या नावानं मात्र या पिशवीतून कधी निघालं नाही. म्हणून म्हटलं, आपणच टाकावं. तिकीट पदरचं लावलं आहे.

आमच्या ब्रँच पोस्ट ऑफिसची खबर अशी, की ते अजून माझ्याच ओसरीत आहे. कागदावर ते चार तासांचं. पण पोस्टमास्तरीण घरातच राहते म्हटल्यावर गावाला घड्याळाशी काय देणं? रात्री ताटावर बसलं की दारात कोणीतरी उभं असतं, "वैनी, अंगठा लावायचा हुता, सकाळी दवाखान्यात जायचंय." २०१८ च्या सप्टेंबरात पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि आम्ही ग्रामीण डाक सेवक बँकवालेही झालो. इतकी खाती उघडा, इतके विमे करा, असे निरोप वरून येतात. आकडा भरला नाही तर मीटिंगमध्ये नाव घेतलं जातं. अंगठ्याच्या मशीनला रेंज शाळेच्या गच्चीवर मिळते. हेडमास्तर भले आहेत, किल्ली देतात. गच्चीवर खातेदार म्हातारीला हात धरून चढवण्याचे पैसे कोणत्या भत्त्यात धरायचे, ते एकदा विचारून ठेवा.

आपली ओळख जुनी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही आधीपासूनच होतात, खुंटीवर टांगलेल्या कॅलेंडरात, सासऱ्यांच्या बोलण्यात. सासरे डाकवाहक होते, खात्याच्या भाषेत एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, थोडक्यात ईडी. खात्याची पिशवी पाठीवर, पण खात्याच्या पक्क्या नोकरांत गणती नाही. राजम्मा खटल्यात १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही माणसं नागरी पदावर आहेत, त्यांना रीतसर कारवाई केल्याशिवाय काढता येणार नाही. सासरे हा निकाल एखाद्या आरतीसारखा म्हणून दाखवत. कोर्टाची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. हे त्यांना तुम्ही सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या त्या वेळच्या कार्यकर्त्यांनी, सब-ऑफिसच्या मागच्या चिंचेखाली उभं राहून.

त्याच माणसांनी त्यांना १९४६ ची गोष्ट सांगितली होती. इंग्रज अजून जायचे होते. ११ जुलैला देशभरच्या पोस्टमननी आणि खालच्या श्रेणीच्या नोकरांनी पिशव्या खाली ठेवल्या, आणि त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते व्ही. जी. दळवी. २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी अख्खं कलकत्ता बंद राहिलं. मुळात पगार-भत्त्याचा झगडा, पण शहरं थांबली. सासरे हे सांगताना "दळवी" या नावावर जरा जास्तच जोर देत, जणू घरातला माणूस. तुमच्याबद्दलची माया आमच्या घरात अशी आली आहे, म्हणून राग धरतानाही जीभ जड होते.

राग पहिल्यांदा आला तो डिसेंबर २००० मध्ये. ५ तारखेला संप सुरू झाला, १८ ला मागे घेतला. चौदा दिवस. टपाल कामगारांचे तिन्ही महासंघ एकत्र होते, असं पुन्हा क्वचितच घडलं असेल. मुख्य दुखणं आमचंच होतं, ईडी लोकांचं. सासरे रोज सब-ऑफिसपर्यंत चालत जाऊन घोषणा देऊन यायचे, टपाल नसताना तेवढंच अंतर. संप मिटला आणि आमचा दर्जा होता तिथेच राहिला. पुढच्या वर्षी नवी नियमावली आली, आमचं नाव ग्रामीण डाक सेवक झालं. पंधरवड्याचे पैसे गेले त्याचं सासऱ्यांना दुःख नव्हतं. त्यांना एकच कळत नव्हतं, की मागे घेताना नक्की काय ठरलं? त्यांनी विचारलं, उत्तर आलं, "वरच्या पातळीवर चर्चा झाली आहे." वरच्या पातळीचा पिनकोड त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही.

आता आभार. ते मानल्याशिवाय तक्रार करणं मला शोभणार नाही. आमच्यासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि दीड वर्ष फायलीत बसून राहिला. २२ मे २०१८ ला आम्ही संपावर गेलो. ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. आमच्यासारख्या ब्रँच पोस्टमास्तरचा भत्ता २,७४५ रुपये अधिक महागाई भत्ता इथून सुरू व्हायचा, तो चार तासांच्या कामाला १२,००० वर आला. इतर डाक सेवकांचा १०,००० झाला. बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली. माझी बाळंतपणं त्याआधीच उरकली होती, पण शेजारच्या ऑफिसातल्या पोरीला ती मिळाली तेव्हा मी तिच्या घरी पेढे घेऊन गेले. ते पेढे तुमच्या नावानं दिले. बिनसंपाचं हे मिळालं असतं असं मला कोणी पटवून देऊ नये.

म्हणूनच २०२३ चा काटा जास्त खोल गेला. आठ तासांचं काम, पेन्शन, आजारपणाची सोय, पाच लाखांपर्यंत ग्रॅच्युइटी आणि १२, २४, ३६ वर्षं सेवा झालेल्यांना वाढ, या मागण्यांसाठी १२ डिसेंबरपासून बेमुदत संपाची हाक आली. मी ओसरीचं दार लावलं. दारात तेलीआळीची काकू महिन्याचे पैसे काढायला येऊन उभी, तिला समजावलं, स्वतःच्या डब्यातले तिला दिले. बेमुदत म्हणजे किती, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "काकू, मिळेपर्यंत." थोड्याच दिवसांत रात्री मोबाइल वाजला. कुणाच्या तरी कुणालातरी पाठवलेल्या संदेशातून मला कळलं की संप स्थगित आहे, उद्या ऑफिस उघडायचं. खाली सही नाही, तारीख नाही, कारण नाही. अशा कागदावर मी कुणाला दहा रुपये दिले असते तर इन्स्पेक्टरसाहेबांनी मला घरी बसवलं असतं.

सकाळी दार उघडलं तर काकू पायरीवर. "मिटला म्हणं संप? काय मिळालं गं?" बाई, या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून कळवा.

मिळालं ते पुढं मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर. १२ वर्षं झालेल्यांना वर्षाला ४,३२०, चोवीस वर्षांनंतर ५,५२०, छत्तीस वर्षांनंतर ७,२०० रुपये. माझी चोवीस झाली आहेत. महिन्याला मोडून पाहिलं तर ४६० रुपये, म्हणजे गॅसचं अर्धं सिलिंडर नि वर थोडी चिल्लर. मी ते नाकारलं नाही, नाकारण्याइतकी श्रीमंत नाही. पण हे आपल्या संपामुळे मिळालं की निवडणुकीमुळे? याच्यावर तुम्ही समाधानी आहात की पुढं लढणार आहात? पेन्शनचा मुद्दा सोडलात की बाजूला ठेवलात? पासष्टाव्या वर्षी मी ही ओसरी रिकामी करणार, तोपर्यंत कळलं तरी चालेल.

संप हरण्याबद्दल मी भांडत नाही. समोर सरकार आहे, हातात आमच्या एक कॅनव्हासची पिशवी. माघारही घ्यावी लागते, सैन्यालाही लागते. पण माघारीचा निरोप ज्याला त्याला त्याच्या नावानं जायला हवा. विलायतेतल्या रॉयल मेलच्या पोस्टमननी २०२२ मध्ये मिळून अठरा दिवस संप केला. तिकडे तेव्हा संपाचा कौल टपालानं मतपत्रिका पाठवूनच घ्यावा लागायचा, तसा कायदा होता. म्हणजे पोस्टमननं स्वतःच्या संपाची मतपत्रिका स्वतःच वाटायची! आणि २०२३ मध्ये तडजोड ठरली, ती पुन्हा सभासदांच्या मताला टाकली. तीही पुष्कळांना आवडली नव्हती, नेत्यांना त्यांनी शिव्या घातल्या. पण शिव्या घालताना कराराचा कागद हातात होता, कुठल्या कलमावर राग आहे ते सांगता येत होतं. आम्हाला नुसताच राग, कलम नाही.

आणि तुमचं हे एकमेकींशी न बोलणं. हो, तुम्ही एक नाही, हे मला ठाऊक आहे. एका ओसरीवरच्या दोन माणसांना दोन युनियनचे फॉर्म भरायला लावता. एकीनं संप पुकारला की दुसरीचे कार्यकर्ते सांगतात, हा खरा संप नव्हे, जाऊ नका. आमच्या सब-ऑफिसखाली २०२३ च्या डिसेंबरात निम्मी दारं बंद होती, निम्मी उघडी, आणि साहेबांना काही करावंच लागलं नाही. सासू-सुनेचं नसेल इतकं तुमचं जावाजावांचं. सभासद-पडताळणीच्या वेळी मात्र सगळ्याजणी गोड होऊन दारात येता, मग वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. तिचा हिशेब मागितला की "सर्कल कॉन्फरन्सला या" म्हणता. कॉन्फरन्सला जायला मला बदली माणूस द्यावा लागतो, तोही माझ्या जबाबदारीवर. त्या वर्गणीतून शेतकऱ्यांच्या आंदोलनाला चार पैसे दिलेत तरी माझी हरकत नाही, आमचंही दोन एकर भात आहे. दिले ते मला सांगून द्या, एवढंच.

आता विनंती. आठवा वेतन आयोग बसला आहे. आमच्या बाबतीत दर वेळी काय होतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. बाकी सगळ्यांना आयोग आणि आम्हाला वेगळी समिती. सावूर झाली, तलवार झाली, नटराज मूर्ती झाली, कमलेश चंद्र झाली. समिती बसते, अहवाल उशिरा येतो, त्यातलं अर्धं नाकारलं जातं, आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी आम्ही पुन्हा दार लावून बसतो. या वेळी आयोगापुढं जाताना काय मागता आहात ते आधी आम्हाला वाचायला द्या. मराठीत द्या. आणि पुन्हा संपाची वेळ आली, येईलच, तर दार लावायच्या आधी आमचं मत घ्या आणि उघडायच्या आधीही घ्या. छापखाना नको, एक पोस्टकार्ड पुरे. पन्नास पैशांचं आहे अजून. पत्ता लिहायलाही फार त्रास नाही, आमच्या गावात पोस्ट ऑफिस एकच आहे आणि ते कुठं आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

बाकी इकडं ठीक. थोरांस नमस्कार, नव्या कार्यकर्त्यांस आशीर्वाद, त्यातल्या कुणाला वेळ असेल तर त्यानं चिंचेखाली येऊन उभं राहावं. लोभ आहेच, तो वाढवावा ही विनंती.

आपली सभासद,
ब्रँच पोस्टमास्तर

ता. क. वर्गणी बंद करण्याचा फॉर्म सब-ऑफिसातल्या पोरानं मला भरून आणून दिला आहे. मी त्यावर सही केलेली नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत करणारही नाही, पण उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा, म्हणजे पोहोच राहील.